बाइकच्या बॅटरीला यूएसबी सॉकेट थेट जोडू का?

तुमचा प्रश्न असा की, १२५ सीसी बाइकवर फोन आणि हेल्मेटचा ब्लूटूथ चार्ज करायला यूएसबी सॉकेट थेट बॅटरीला जोडलं तर बॅटरी उतरेल का. चालत्या गाडीत नाही उतरणार. उभ्या गाडीत उतरेल. मी भोगलंय.

गणपतीला आम्ही रेल्वेने गावी गेलो, बाइक बोरिवलीला बिल्डिंगखाली. दहा दिवसांनी आलो तर सेल्फ मारल्यावर नुसतं टक्-टक्. सॉकेट बसवणारा म्हणाला होता, "काय नाय होत साहेब, एवढुसा तर लाइट आहे." मग बॅटरीची मायनस काढून मध्ये मल्टीमीटर घातला. किल्ली बंद, फोन लावलेला नाही, तरी २२ मिलिअँपिअर! सॉकेटमधला कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करणारा भाग) आणि तो निळा एलईडी रात्रंदिवस पीत बसले होते. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, दहा दिवसांत पाच. आणि माझी अख्खी बॅटरीच पाचची. (मीटर असा लावलेला असताना स्टार्टर दाबू नका, मीटरचा फ्यूज जातो. तोही माझा गेलाय.)

म्हणून प्लस किल्लीनंतरच्या वायरवरून घ्या. ब्रेक लाइटच्या स्विचकडे येणारी वायर बहुतेक वेळा सोयीची पडते. वायरच्या रंगावर विसंबू नका, मीटर लावून बघा: किल्ली चालू केली की साधारण १२ व्होल्ट, बंद केली की शून्य. हेडलाइटची वायर मात्र नको. जुन्या बऱ्याच बाइकचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, इंजिनकडून येणाऱ्या एसीवर चालतो.

लोडची फार काळजी नको. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट; ब्रेकचा जुना बल्बच २१ वॉटचा असतो. फक्त इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून तासभर चार्जिंग करत बसू नका.

कोणी ७८०५ आयसी लावून स्वस्तात करून देतो म्हणाला तर नको म्हणा. गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास येतात. त्याचे ५ करताना ही आयसी एका अँपिअरला ९ वॉट नुसती उष्णता करते. सीटखाली तवा तापवायचाय का? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बक कन्व्हर्टर (फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारा) मागा, दुकानदाराला लगेच कळतं.

प्लस जिथून घ्याल तिथेच, जोडाला लागून, ३ अँपिअरचा फ्यूज टाका. आणि वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड मुंबईच्या एका पावसाळ्यात हिरवा पडतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. सॉकेटचं तोंड खाली येईल असं बसवा. रबराचं झाकण दोन महिन्यांत हरवतंच.