घरच्या स्विमिंग पूलमध्ये कमी खर्चात क्लोरीन कसा टिकवायचा?

तुमचा पूल साधारण ४०,००० लिटरचा आहे, उघड्यावर आहे, दिवसभर ऊन लागतं. तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकता, त्या महाग पडतात आणि एवढं करूनही पाणी हिरवट होतं, असं तुम्ही लिहिलंय. घरचा पूल बरीच वर्षं मी स्वतःच सांभाळतो. स्वस्त क्लोरीन कुठला याआधी तुमचा क्लोरीन जातो कुठे ते बघू, कारण खरा खर्च तिथे आहे.

क्लोरीन सगळ्यात जास्त खातं ते ऊन. पाण्यात सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन, नसेल तर कडक उन्हात निम्मा क्लोरीन तासाभरातच उडतो. सकाळी टाकलेला डोस दुपारी तपासला तर जवळपास काहीच सापडत नाही. म्हणून उघड्या पूलला ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) सायन्युरिक ॲसिड लागतंच. दुकानात ते स्टॅबिलायझर या नावाने मिळतं. तुमच्याएवढ्या पाण्यात ३० पीपीएम करायला १.२ किलो पुरतं. ते फार सावकाश विरघळतं, म्हणून जुन्या मोज्यात भरून, तोंड बांधून, पंपाचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या जागी लटकवायचं आणि हातमोजा घालून मधूनमधून पिळायचं. उन्हाने ते संपत नाही. जेवढं पाणी बाहेर जाईल तेवढीच भर घालावी लागते.

पण तुम्ही ते विकत घेऊ नका. तुमच्याकडे ते बहुधा गरजेपेक्षा जास्तच झालंय.

या गोळ्या बहुतेक ट्रायक्लोरच्या असतात, आणि ट्रायक्लोरमध्ये सायन्युरिक ॲसिड आधीच असतं. १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. रोज २ पीपीएम क्लोरीन लागतो असं धरलं तर महिन्याला त्याची ३६ पीपीएम भर पडते. क्लोरीन वापरून संपतो, हे मागे राहतं. दोन-तीन महिन्यांत १००च्या आसपास पोचलात की क्लोरीन त्याला इतका जखडला जातो की तपासणीत आकडा बरा दिसतो आणि शेवाळ तरी वाढत राहतं. पूल सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा असा, की मोकळा क्लोरीन (तपासणीत दिसणारा आकडा) सायन्युरिक ॲसिडच्या साधारण साडेसात टक्के हवा. ४०ला ३ पीपीएम पुरतो, १००ला साडेसात लागतो. म्हणजे जितक्या गोळ्या टाकाल तितक्या जास्त गोळ्या लागणार. दुकानदार हे सांगायच्या भानगडीत पडत नाही.

तेव्हा आधी सायन्युरिक ॲसिड तपासा. पूलचं पाणी आणि किटमधलं द्रावण सम प्रमाणात मिसळून हलवलं की ते दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हे पाणी थोडं थोडं ओतत वरून बघायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. हे भर उजेडात, पण नळीवर थेट ऊन येणार नाही असं उभं राहून करा. संध्याकाळी अंधुक उजेडात केलं तर हमखास चुकतं. आकडा १००च्या घरात असेल तर निम्मं पाणी बदलणं हाच घरगुती उपाय. निम्मं बदललं की आकडाही निम्मा होतो. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडकते.

आता क्लोरीन कुठला घ्यायचा? डब्याची किंमत बघू नका, त्यातला वापरण्याजोगा क्लोरीन बघा. ट्रायक्लोरमध्ये तो ९० टक्क्यांच्या आसपास असतो, कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत ६५ ते ७०, ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३० ते ३५ आणि पूलसाठी मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात १० ते १२ टक्के. १०,००० लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १० ग्रॅम क्लोरीन लागतो. तुम्हाला रोज २ पीपीएम म्हणजे ८० ग्रॅम. तो १० टक्क्यांच्या द्रावणातून घ्यायचा तर ८०० मिलि, ६५ टक्क्यांच्या दाण्यांतून सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास. हा हिशेब तुमच्याकडच्या भावात बसवा.

माझी पसंती द्रावणाला. ते मागे थोडं मीठ सोडतं, दुसरं काही नाही. त्याची खोड एकच: उन्हात, उकाड्यात पडून राहिलं की बळ जातं. म्हणून स्वस्त मिळतंय म्हणून मोठे कॅन भरून ठेवू नका, थोडं आणा, सावलीत ठेवा. घरगुती ब्लीचही हेच रसायन आहे, फक्त पातळ. सुवास किंवा घट्टपणा आणणारं काही त्यात मिसळलेलं असेल तर चालणार नाही. ब्लीचिंग पावडर स्वस्त दिसते, पण त्यात चुना भरपूर. थेट पूलमध्ये टाकाल तर पाणी गढूळ होईल. प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात ती कालवून ठेवायची, चुना तळाशी बसला की वरचं निवळ तेवढं ओतायचं. पाणी आधीच जड असेल तर पावडर आणि कॅल्शियमचे दाणे दोन्ही टाळलेले बरे, फरशीवर पांढरे थर धरतात.

डोस सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून द्या. रात्रभर ऊन नसतं, क्लोरीनला काम करायला मोकळीक मिळते. यातच एक फुकटची तपासणीही होते: अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, उजाडायच्या आत पुन्हा मोजा. १ पीपीएमपेक्षा जास्त घट दिसली तर उन्हाचा काही संबंध नाही, पाण्यात शेवाळ किंवा घाण आहे. मग भिंती आणि पायऱ्यांमागचे कोपरे ब्रशने घासा, पानं काढा, फिल्टर बॅकवॉश करा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा) आणि घट थांबेपर्यंत क्लोरीन चढता ठेवा. पोहायच्या आधी अंघोळीची सक्ती करा. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडला गेला की तो जवळपास निकामी होतो. पूलला येणारा तो उग्र वास याच जोडलेल्या क्लोरीनचा असतो, त्यामुळे वास येतोय म्हणून डोस कमी करणं अगदी उलटं होईल.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ ठेवा. ८ झाला की क्लोरीनचा जंतू मारणारा भाग बराच घटतो. पूल वापरात नसताना आच्छादन घाला. ऊन, पालापाचोळा आणि बाष्पीभवन तिन्ही आटोक्यात येतात, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सगळ्यात लवकर वसूल होणारा खर्च हाच.

मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचंही तुम्ही विचारलंय. पाण्यात ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ लागतं, म्हणजे तुम्हाला सुरुवातीलाच १२० किलोच्या पुढे. रोजचा त्रास वाचतो हे खरं, पण त्याच्या प्लेट काही वर्षांनी बदलाव्या लागतात आणि पीएच सतत वर सरकतो. पूल बारा महिने चालत असेल तरच विचार करा.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. गोळ्या सोडून दाणे किंवा पावडर वापरायला लागलात तर जुना तरंगता डबा आणि जुनं माप त्यासाठी वापरू नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही वेगळ्या जागी ठेवा आणि पूलमध्येही वेगवेगळ्या वेळी टाका. रसायन नेहमी पाण्यात घालायचं, रसायनावर पाणी कधीच ओतायचं नाही.

सायन्युरिक ॲसिडचा आकडा आला की इथेच लिहा. किती पाणी काढायचं आणि पहिला डोस किती द्यायचा, ते मग नेमकं सांगतो.