लेकीला या भांडणात ओढू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे ६५ माणसं कामाला आहेत. नोकरीच्या एका साइटवर कंपनीचे ११ रिव्ह्यू आहेत आणि रेटिंग २.१. गेल्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजातून त्यांनी सहा मुलं निवडली, त्यातली चार रुजूच झाली नाहीत. रिव्ह्यू वाचून ती बिचकली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला त्यांनी मैत्रिणींच्या मेल आयडीवरून आठ फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकायला सांगितलं. तिने दोन टाकले आणि पुढे नाही म्हणाली. तेव्हापासून घरात अबोला आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: खोटे रिव्ह्यू कसे काढायचे, ज्या जुन्या सुपरवायझरवर संशय आहे त्याच्यावर केस करता येईल का, आणि मुलीला एमबीए एचआरला घातलं तर ती पुढे हे सगळं सांभाळेल का.

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या लेकीला स्वतःला काय करायचं आहे ते मला तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका वाक्यात सापडलं: 'ती कास्टिंगचं सिम्युलेशन शिकायचं म्हणते, पण त्यात काय ठेवलंय, आमचा पॅटर्नमेकर (साच्यासाठी नमुना बनवणारा) चाळीस वर्षं हातानेच करतोय.' तिच्याबद्दल बाकी जे आहे ते तिने तुमचं ऐकलं नाही याबद्दलचं आहे.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. वीस वर्षांच्या मुलीला बापाने खोटं लिहायला सांगितलं, हे मला तुमच्या २.१ रेटिंगपेक्षा फार जास्त लागलं. तिने दोन लिहिले ते तुमच्या शब्दाखातर. तिसऱ्याला तिचा हात अडला, आणि तिथे थांबायला तिला काय पडलं असेल याचा विचार करा. कोल्हापुरात वडिलांना तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं, त्यातून मालक असलेल्या वडिलांना. तुम्ही लिहिता, 'घरच्या धंद्यासाठी एवढंही करता येत नाही तिला.' मला तर वाटतं, त्या दिवशी तुमच्या घरात धंद्याचं भान तिलाच जास्त होतं.

मैत्रिणींचाही विचार करा. त्या मुलींनी आपले मेल आयडी दिले आहेत. पुढच्या वर्षी त्याच आयडीवरून त्या नोकरीचे अर्ज करतील. तुमच्या कंपनीत एक दिवसही काम न केलेल्या मुलींच्या खात्यावर 'तीन वर्षं इथे काम केलं, मालक देवमाणूस' असं लिहिलेलं राहील.

आता ते रिव्ह्यू. अकराच्या अकरा तुम्ही चिकटवून पाठवलेत, हे फार बरं केलंत. तुम्ही सगळ्यांना 'फेक' म्हणता. मी पेन्सिल घेऊन खुणा करत बसले, तेव्हा चित्र वेगळं दिसलं.

चार रिव्ह्यू मलाही खोटे वाटतात. एकात 'पुण्याच्या प्लांटला बदली करतात आणि नाइट शिफ्टला कॅन्टीन बंद असतं' असं आहे. तुमचा पुण्यात प्लांट नाही आणि शिरोलीत कॅन्टीनच नाही. त्याने एक तर दुसऱ्या कंपनीवर लिहिताना तुमचं नाव निवडलंय किंवा मुद्दाम थापा मारल्यात. दुसरे तीन एकाच रात्री, पंचवीस मिनिटांत पडलेत आणि तिन्हींत 'सॅलरी'चं इंग्रजी स्पेलिंग एकसारखं चुकलंय. हे एकाच माणसाचं काम असावं, असं कुणीही म्हणेल.

उरलेल्या सातांपैकी पाच जण एकच गोष्ट सांगतात: पगार वेळेवर होत नाही. आणि तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय, 'मोठ्या पार्टीकडून पेमेंट नव्वद-नव्वद दिवसांनी येतं, त्यामुळे पगार कधी वीस तारखेवर जातो.' एक जण लिहितो, मालक सगळ्यांसमोर शिव्या देतात. तुमच्या पत्रात आहे, 'रिजेक्शन (बाद माल) आलं की माझा आवाज चढतो, फौंड्रीत गोड बोलून काम होत नाही.' मग ही माणसं खोटं कुठे बोलली? खोटा रिव्ह्यू आणि झोंबणारा रिव्ह्यू यांत तुम्ही गल्लत करताय. तुमच्या लेकीला ती कळली असणार. लहानपणापासून ती शेडमध्ये येते-जाते, पगाराच्या दिवसाची कुजबुज तिच्याही कानावर पडली असेल.

काढायचं म्हणाल तर त्या चारांसाठी रस्ता आहे. बहुतेक साइट्सवर कंपनीला आपलं पान फुकट ताब्यात घेता येतं. तिथून त्या रिव्ह्यूवर तक्रार नोंदवायची, आणि तक्रारीत 'आमची बदनामी होते' असं लिहायचं नाही. साइटचा नियम कुठे मोडला ते दाखवायचं. पुण्याच्या प्लांटच्या बाबतीत उद्यम नोंदणीवरचा एकमेव पत्ता जोडा. त्या तीन रिव्ह्यूंच्या बाबतीत वेळ आणि चुकलेलं स्पेलिंग एकत्र दाखवून, तिन्ही मिळून एकच तक्रार करा. भारतातल्या नियमांप्रमाणे अशा साइट्सना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच्याकडे जा. चारही निघतील याची खात्री देता येत नाही. निव्वळ वाईट आहे म्हणून मात्र कुणी काढत नाही, आणि पैसे भरणाऱ्या कंपनीचेही नकोसे रिव्ह्यू आम्ही पुसत नाही, असं ग्लासडोरसारखी साइट उघड सांगते. 'महिन्याला इतके द्या, रेटिंग साडेचारवर नेतो' असं सांगणारे एजंट आता एमआयडीसीत फिरतात. ते पुसत काहीच नाहीत, फक्त वर नवे खोटे ओततात. तुम्ही लेकीकडून करवून घेत होता ते हेच, त्यांनी त्याचं पॅकेज केलंय एवढंच. साइट्सची यंत्रणाही अशाच खुणा शोधते: एका घरातल्या वायफायवरून एका संध्याकाळी आलेले रिव्ह्यू, एकाच धाटणीची वाक्यं. ज्या तीन रिव्ह्यूंचा तुम्हाला राग आला त्यांच्यात आणि तुमच्या दोन रिव्ह्यूंत मला तरी फरक दिसला नाही.

ते दोन लेकीला आजच लॉगिन करून काढू द्या. 'दे काढून' एवढंच म्हणा. पुढे समजूत घालत बसू नका.

खऱ्या तक्रारींना मात्र जाहीर उत्तर द्या. नोकरी शोधणारी मुलं रिव्ह्यूखाली मालकाने काय लिहिलंय ते आधी बघतात, हे मी माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या मोबाइलवर रोज पाहते. उत्तर साधं असू द्या: 'पगाराला उशीर होतो ही तक्रार खरी आहे. गेल्या वर्षी चार महिने पगार पंधरा तारखेनंतर झाला. या तिमाहीपासून पगाराची रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात बाजूला ठेवतोय.' पण हे लिहायच्या आधी ते खातं उघडा. कायद्याप्रमाणे तुमच्याएवढ्या कारखान्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत हातात पडायला हवा, ओव्हरटाइम दुप्पट दराने. पार्टीचं पेमेंट अडकलं हे कारण मला कळतं, कामगाराच्या घरभाड्याला ते कळत नाही. आणि तुमचं पेमेंट अडवणाऱ्यांसाठीही कायदा आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. ऑर्डर जाईल या भीतीने कुणी तक्रार करत नाही, हे मला माहीत आहे. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण पत्रात तुम्ही सुपरवायझरवर केस करायची तयारी दाखवली आहे आणि ९० दिवस पैसे अडवणाऱ्या पार्टीला साधं पत्रही लिहिल्याचं दिसत नाही. जोर कमी ताकदीच्या माणसावर निघतोय.

त्या सुपरवायझरबद्दल. बदनामीची केस होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ४९९ आणि ५०० च्या जागी ते १ जुलै २०२४ पासून लागू झालं. पण सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान बदनामी ठरत नाही, हा अपवाद त्याच कलमात आहे, आणि तुमच्या पगाराच्या तारखा तुमच्याच बँकेत नोंदलेल्या आहेत. वकिलाच्या नुसत्या नोटिशीने साइट मजकूर उतरवत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केलंय की साइटवर तशी सक्ती व्हायला कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. लिहिणारा कोण हे शोधायलाही कोर्टातच जावं लागेल. आणि तो हाच, याचा पुरावा तुमच्याकडे काय? 'त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार' एवढाच.

याच परिच्छेदात तुम्ही सहज लिहून गेलात, 'त्याचं रिलीव्हिंग लेटर मी अजून दिलेलं नाही.'

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन माणसं तरी अशी येतात, जुन्या मालकाने नोकरी सोडल्याचा हाच कागद अडवलेला, नवी नोकरी तोंडाशी आलेली. एक मशीन शॉपमधला मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत पगाराच्या सगळ्या स्लिपा घेऊन आला होता, घडी घालून घालून मऊ पडलेल्या. 'मॅडम, यावर होत नाही का काही?' विचारत होता. नव्या कंपनीने पंधरा दिवस वाट पाहिली आणि दुसरा घेतला. तुमचा सुपरवायझर दोषी असेल किंवा नसेल, सात वर्षं तुमच्याकडे त्याने काम केलं हे तर खरं आहे ना? तेवढं कागदावर लिहून द्या, राहिलेला हिशेब चुकता करा. हे या आठवड्यात करा, साइटवर तक्रार करायच्या आधी.

ती चार मुलं रिव्ह्यूमुळे आली नाहीत, हेही तुम्ही गृहीतच धरलंय. त्यांना फोन केलात का? चाकणला जास्त पगार मिळाला असेल, कुणी एमटेकच्या गेट परीक्षेच्या तयारीला बसलं असेल, कुणाला नुसतं घर सोडून बाहेर पडायचं असेल. आणि खरोखर रिव्ह्यूमुळे आली नसतील, तर कुठला वाचून, ते विचारा. पुण्याचा प्लांट वाचून की पगाराची तारीख वाचून?

आता एमबीए एचआर. पदवीनंतर राज्याची एमबीए सीईटी आहे, कोल्हापुरात सायबरसारखी जुनी संस्था आहे, रस्ता सगळ्यांच्या माहितीतला आहे. पण एचआर म्हणजे कंपनीचं तोंड धुऊन देणारा माणूस, ही समजूत आधी काढून टाका. ६५ माणसांच्या फौंड्रीत एचआर म्हणजे मस्टर, पीएफ आणि ईएसआयचे चलान, ठेकेदाराच्या माणसांचा हिशेब, हात भाजलेल्या कामगाराला दवाखान्यात नेणं, फेटलिंगवाल्याला (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्याला) मास्क मिळाला की नाही ते बघणं, आणि वेळ आली की मालकालाच 'हे चुकतंय' असं सांगणं. हे करणारा माणूस तुम्हाला हवाच आहे. उद्या जाहिरात द्या आणि चांगला पगार देऊन ठेवा. त्यासाठी मुलीची दोन वर्षं आणि पुढचं आयुष्य लावायचं कारण नाही, कारण तिने ते मागितलेलंच नाही.

तिने जे मागितलंय ते तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत, म्हणून थोडं सांगते. वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतल्यावर कुठला भाग आधी थंड होतो आणि कुठला शेवटी, जिथे शेवटी गोठतो तिथे श्रिंकेजची, म्हणजे धातू आकसल्याची, पोकळी पडते, मग तिथे जादा रस पुरवणारा रायझर कुठे आणि केवढा ठेवायचा, हे सगळं ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर बघता येतं. तुमचे पॅटर्नमेकर हे चाळीस वर्षांच्या नजरेने ओळखतात, त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण ते दमले, निवृत्त झाले की ती नजरही शेडबाहेर जाईल. तुमच्या लेकीने त्यांच्याजवळ दोन महिने बसून आपलं सॉफ्टवेअर काय सांगतंय ते त्यांच्या अंदाजाशी ताडून पाहिलं, तर दोघांनाही काही मिळेल. रिजेक्शन आलं की तुमचा आवाज चढतो म्हणता, ती पोरगी नेमकं रिजेक्शनवरच काम करायचं म्हणते आहे. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन एमटेक, त्यात रांचीची १९६६ पासूनची फौंड्री आणि फोर्जची राष्ट्रीय संस्थाही आली, तिचं नाव आता बदललंय.

फक्त हे वाचून 'मग ये आपल्याच कंपनीत' असं लगेच म्हणू नका. शिकून ती चेन्नईला जाईल, जर्मनीला जाईल किंवा शिरोलीत येईल. आली तर पगार सातला होतो ना, हे तीही बघेल.

शनिवारी दुपारी मी राजारामपुरीतल्या ऑफिसात असते. लेकीला पाठवा. तुम्ही सोडायला आलात तर खाली गाडीत थांबा, वर तिला एकटीला येऊ द्या.