बी.ए. पहिल्या वर्षाच्या चर्चेच्या तासाला मुली बोलतच नाहीत, काय करावं?

आमच्या मुलींच्या कॉलेजातही पहिले दोन आठवडे नुसता पंख्याचा आवाज. मग बाकं गोल लावली, पंधराच जणी बसवल्या आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या बायकांवरच्या अन्यायाबद्दलच्या पुस्तकातलं एकच पान दिलं. आधी प्रत्येकीनं वहीत एक प्रश्न लिहायचा, मग बोलायचं. वऱ्हाडीत बोललं तरी चालतं हे सांगाच. अर्धी भीती ‘शुद्ध’ बोलण्याची असते. सुट्टीत कापूस वेचणारी एक पोरगी म्हणाली, “मॅडम, वेचाईचे पैसे माय आणते, पण हिशेब बाबा ठेवते.” मग कोणी थांबेचना. तुम्ही मधे बोलू नका (मला हेच सगळ्यात जड गेलं). आणि हा तास शेवटचा ठेवू नका, सगळ्यांचं लक्ष एसटीकडे असतं.