पहिला रोझ कट घेताना

रोझ कट घडणीचा हिरा आवडला हे छानच, पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तो ब्रिलियंटसारखा, म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या हिऱ्यासारखा, लखलखणार नाही. ब्रिलियंटला ५७-५८ पैलू आणि खाली निमुळतं टोक असतं. रोझ कटचा तळ सपाट, वर घुमट आणि त्रिकोणी पैलू, ३ ते २४. त्यामुळे प्रकाश उसळत नाही, मंद झळाळतो. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली निवडू नका. खिडकीशी नेऊन हात हळूहळू फिरवा. एकेका पैलूवरून उजेड सरकताना दिसतो, मी तिथेच भाळले बघा!

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- नुसता कॅरट, म्हणजे वजन, बघतात. सपाट तळामुळे तेवढ्याच वजनात हा हिरा वरून मोठा दिसतो, म्हणून मिलिमीटरमधलं माप विचारा.
- कडा तपासत नाहीत. त्या पातळ असतात, टवका उडालेला असू शकतो. दहापट भिंगातून बघाच.
- जुना, मागून बंद कोंदणाचा दागिना पाण्यात बुडवतात. आतला चकचकीत पत्रा काळवंडतो आणि हिरा निस्तेज दिसतो.

मैत्रिणीला तो ‘फिका’ वाटला तर वाटू दे. तिला लखलखाट आवडतो, तुम्हाला ही झळाळी.