बाबांचं नर्सिंग होम आणि इथलं नर्सिंग होम

तुझा मेसेज दोनदा वाचला. बारावी सायन्स झालीय, नीटला सरकारी एमबीबीएसपुरते मार्क नाहीत, बार्शीत बाबांचं वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. एजंट म्हणतो, अमेरिकेत ‘हेल्थ सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ची चार वर्षांची डिग्री घे, नोकरी तिथेच लागेल, नाहीच लागली तर परत येऊन बाबांचं बघ. आणि तू विचारलंयस, ‘ताई, हे खरं आहे का?’

अर्धं खरं आहे. मी हाच कोर्स ओहायोत केला, पुढे मास्टर्सही इथेच केलं आणि आता एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलात बिलिंगच्या बाजूला काम करते. एजंट कुठलं अर्धं गाळतोय ते सांगते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल: बाळंतपण, अपेंडिक्स, सलाइन. इथे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची, शुश्रूषेसकट राहण्याची जागा. या डिग्रीवर थेट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’च्या खुर्चीपर्यंत पोचण्याचा सरळ रस्ता याच नर्सिंग होममधून जातो. त्यासाठी राज्याचं लायसन्स लागतं, परीक्षा असते आणि बहुतेक ठिकाणी आधी काही महिने कुणाच्या तरी हाताखाली शिकाऊ म्हणून काढावे लागतात. मोठ्या हॉस्पिटलात असं लायसन्स नाही, पण वरच्या जागांना मास्टर्स मागतात. नुसत्या बॅचलर्सवर तिथे सुरुवात होते ती अपॉइंटमेंटच्या टेबलावर, पेशंट नोंदणीत किंवा बिलिंगमध्ये. एजंटने तुला एक लाख डॉलरच्या वर पगाराचा आकडा दाखवलाय. तो सरकारी आकडाच आहे, खोटा नाही; पण त्यात वीस-वीस वर्षं काढलेले मॅनेजरही मोजलेत. पहिल्या वर्षी तुला ते पैसे कुणी देणार नाही.

आता शिकवतात काय? स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, अर्थशास्त्र, कायदा, मनुष्यबळ, हे सगळं आहेच. पण चार वर्षांचं सार एकाच प्रश्नात येतं: बिल कोण भरतंय? ६५ वर्षांपुढच्यांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड, दोन्ही सरकारी विमा योजना १९६५ च्या कायद्यातून आलेल्या. बाकीच्यांना मुख्यतः नोकरीतून मिळणारा विमा. मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. कळलं ते इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात, एका नर्सिंग होममध्ये.

सकाळी नऊची मीटिंग, सगळे उभ्यानेच. पांढऱ्या फळ्यावर खोल्यांचे नंबर आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी: पेशंटचा कितवा दिवस आणि पैसे कुणाचे. चौदा नंबरच्या आजोबांपुढे २० लिहिलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, नुकते वॉकर धरून चालायला लागले होते. मला वाटलं, छान, वीस दिवसांत एवढी प्रगती. पण खोलीतली शांतता वेगळीच होती. मेडिकेअर अशा शुश्रूषेचे पहिले वीस दिवस पूर्ण भरतं. एकविसाव्यापासून शंभराव्यापर्यंत पेशंटला रोजचा वाटा द्यावा लागतो, आता तो दोनशे डॉलरच्या वर आहे. शंभरानंतर काहीच नाही. त्या दिवशी दुपारी आजोबांच्या मुलाला हे सांगायचं होतं. मी कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहीत होते. मुलगा ट्रकचालक होता. त्याने कागदावर गुणाकार केला आणि मग वडिलांची चप्पल कुठे ठेवलीय ते विचारलं.

त्याच महिन्यात एका आजींची केस आली. हॉस्पिटलात तीन रात्री काढल्या, खाट, गाऊन, सलाइन, सगळं. पण कागदावर त्या ‘अ‍ॅडमिट’ नव्हत्याच, ‘ऑब्झर्व्हेशन’वर, म्हणजे नुसत्या देखरेखीखाली होत्या. मेडिकेअरच्या मूळ नियमात नर्सिंग होमचे पैसे मिळायला आधी सलग तीन दिवस अ‍ॅडमिट असावं लागतं, ऑब्झर्व्हेशनचे दिवस धरत नाहीत. झालं, पहिल्या दिवसापासून सगळा खर्च घरच्यांच्या डोक्यावर. त्यांची मुलगी मला विचारत होती, ‘खाटेवर झोपलेला माणूस अ‍ॅडमिट नाही म्हणजे काय?’ उत्तर मला पाठ होतं, तरी माझी जीभ रेटेना.

हे एवढं लांबवलं, कारण तुझा खरा निर्णय इथे आहे. या डिग्रीचा मोठा भाग म्हणजे अमेरिकेच्या या गुंत्यातलं वाकबगार होणं. उद्या बार्शीला परत आलीस तर बाबांच्या टेबलावर टीपीए (विमा कंपनीचे दावे बघणारी मधली संस्था), कॅशलेस, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, आणि आरोग्यमित्र असणार. त्यातलं एक अक्षर इथे कुणी शिकवत नाही. वेळापत्रक लावणं, खाटा किती वेळ रिकाम्या राहतात ते मोजणं, चुकांची नोंद ठेवणं, हे दोन्हीकडे चालतं. पण तेवढ्यासाठी चार वर्षं डॉलर मोजणं मला पटत नाही. परतायचं नक्की असेल तर भारतातच पदवी घे, दुपारी बाबांच्या काउंटरवर बस आणि मग मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सचा प्रयत्न कर.

राहायचं ठरवत असशील तर व्हिसाचं घड्याळ समजून घे. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे विषयाशी जुळणारं काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इंजिनिअरिंगवाल्या तुझ्या मावसभावाला आणखी २४ मिळाले, कारण त्याचा विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, सरकारी यादीत आहे. हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा कोड ५१.०७०१ त्या यादीत नाही. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर, हा कोड छापलेला असतो, एजंटला तो आधी विचार. बघ कसा विषय बदलतो. त्या १२ महिन्यांत बेकार राहण्याची मुभा फक्त ९० दिवसांची, आणि काम विषयाशी जुळणारं हवं. पुढे एच-१बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी: वर्षाला ६५ हजार जागा, शिवाय इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार. विद्यापीठांशी जोडलेल्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या हॉस्पिटलांना ही मर्यादा लागू नाही, मी त्याच फटीतून आत आले. पण ज्या जागेच्या जाहिरातीत ‘कोणतीही डिग्री चालेल’ असतं तिथे एच-१बी अवघड, आणि या क्षेत्रातल्या पहिल्या पायरीच्या बऱ्याच जाहिराती तशाच असतात. म्हणून मी बॅचलर्सवर थांबले नाही. मास्टर्सनंतर ओपीटीचं नवं वर्ष मिळतं, तेही कामी आलं.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नकोस. ओहायो युनिव्हर्सिटीत याला हेल्थ सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात, पेन स्टेटमध्ये हेल्थ पॉलिसी अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. ‘आउफा’ (AUPHA) ही संस्था बॅचलर्सचे कोर्स तपासून प्रमाणित करते, ते बघ. ‘केमी’ (CAHME) या दुसऱ्या संस्थेची मान्यता मास्टर्सच्या कोर्सना असते, बॅचलर्सला ती आहे असं कुणी सांगितलं तर फोन ठेव. आणि कोर्स ऑनलाइन नाही ना, हे दोनदा विचार. नोकरी करणाऱ्यांसाठी यातले पुष्कळ वर्ग ऑनलाइन चालतात, पण एफ-१ वर पूर्णवेळ धरताना एका सत्रात एकच ऑनलाइन विषय मोजतात. माझ्या वर्गात एका मुलीला ऐनवेळी भूगोल घ्यावा लागला होता.

पैशांचं तू विचारलं नाहीस, बहुतेक बाबांनी विचारलंय. सरकारी विद्यापीठातही तुला परराज्याचाच, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा चढा दर लागणार. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात गेलीस तर बरंच वाचतं. फक्त कुठले क्रेडिट पुढे धरतील ते लेखी घे.

शेवटी एक फुटकळ वाटणारी गोष्ट. इंटर्नशिपच्या आधी टीबीची टेस्ट होते. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी टोचलेलं असतं, त्यामुळे हातावर टोचून करायची टेस्ट टीबी नसतानाही कधीकधी फुगते. माझी फुगली, रुपयाच्या नाण्याएवढी. मग एक्स-रे, मग डॉक्टरांचं पत्र, यात माझे दहा दिवस गेले आणि मला मिळालेला विभाग दुसऱ्याला गेला. तू सरळ रक्ताची टेस्ट माग, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांचेही पुरावे लागतात. आईला विचार, तुझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुठल्या डब्यात आहे. सापडलं की आधी त्याचा फोटो काढून ठेव.