अमेरिकेत बी.एस.साठी येताना: प्लेसमेंट टेस्ट आणि कॅल्क्युलसचा पहिला कोर्स

राज्य मंडळाची बारावी करून तुम्ही ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेतील एका स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या बी.एस.साठी निघाला आहात आणि विद्यापीठाने तुम्हाला ‘अ‍ॅलेक्स’ या गणिताच्या प्लेसमेंट टेस्टची, म्हणजे कोणत्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची हे ठरवणाऱ्या ऑनलाइन चाचणीची, लिंक पाठवली आहे. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन बारावीला होऊन गेलेले असताना कॅल्क्युलस वन पुन्हा का घ्यायचे, टेस्टमध्ये उत्तम गुण मिळाले तर थेट कॅल्क्युलस टू घेता येईल का, आणि कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) जाणाऱ्या मैत्रिणीला अशी टेस्टच का नाही, असे तुमचे प्रश्न आहेत. पीएच.डी. करताना मी येथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे डिस्कशन सेक्शन, म्हणजे लेक्चरला जोडून होणारे छोट्या गटांचे सरावाचे तास, घेत असे आणि त्यांचे पेपरही तपासत असे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मैत्रिणीचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपणारे आहे. कॅलिफोर्नियात २०१७ साली झालेल्या एबी ७०५ या कायद्यानंतर तेथील कम्युनिटी कॉलेजांनी प्लेसमेंट टेस्ट बंद केल्या आणि शाळेतले गुण व आधी शिकलेले विषय यांवरून विद्यार्थ्याला कोर्स द्यायला सुरुवात केली. तो त्या राज्यापुरता मामला आहे, तुम्हाला लागू नाही.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅलेक्सचा अभ्यासक्रम प्रीकॅल्क्युलसपाशी, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधी लागणाऱ्या बीजगणित व त्रिकोणमितीपाशी, थांबतो. त्यात डेरिव्हेटिव्हचा एकही प्रश्न नसतो. त्यामुळे शंभरपैकी पंच्याण्णव गुण मिळाले तरी त्यातून एवढेच ठरते की तुम्ही कॅल्क्युलस वनच्या वर्गात बसू शकता. तो कोर्स तुम्हाला येतो, असे त्यातून ठरत नाही. कोर्सला प्रवेश मिळणे आणि कोर्सचे क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे अभ्यासाचे एकक, मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडून येणारे विद्यार्थी नेमकी येथेच गल्लत करतात. क्रेडिट मिळवण्याचे नेहमीचे मार्ग म्हणजे मे महिन्यात होणारी एपी (शाळकरी मुलांसाठीची कॉलेज पातळीची) कॅल्क्युलसची परीक्षा, आयबी किंवा ए लेव्हल या परदेशी मंडळांच्या बारावीसारख्या परीक्षा, नाहीतर गणित विभागाची स्वतःची परीक्षा. बारावीच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट मिळेल असे गृहीत धरू नका. तुमच्या विद्यापीठाचा नियम कोर्स निवडायला मदत करणाऱ्या अ‍ॅडव्हायजरला ई-मेल करून लेखी विचारून घ्या.

टेस्टमध्ये साधारण तीस प्रश्न असतात आणि तुमच्या प्रत्येक उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलतो. बहुतेक ठिकाणी पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करावे लागते, आणि कॅल्क्युलेटर हवा असेल तेथे तो पडद्यावरच दिलेला असतो. ‘मला माहीत नाही’ असेही एक बटण असते. आपल्या परीक्षांच्या सवयीने ते दाबायला जीव धजावत नाही, पण जे खरोखर येत नाही तेथे ते दाबावे. टेस्ट घरबसल्या देता येत असली तरी शेजारी मोठ्या भावाला बसवू नये, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या गुणांवर मिळालेल्या वर्गात सप्टेंबरमध्ये तुम्हालाच बसायचे आहे. अनेक विद्यापीठे टेस्ट पुन्हा देऊ देतात आणि मधल्या काळात कच्च्या राहिलेल्या विषयांचे लर्निंग मॉड्यूल उघडून देतात. पहिल्याच प्रयत्नात हवे तेवढे गुण मिळाले तरी ते मॉड्यूल पाहून घ्या.

आपली मुले या टेस्टमध्ये अडखळतात ती कठीण गणितांत नव्हे, तर नववी ते अकरावीच्या गणितांत. (क्ष − १) ला (क्ष + २) ने भागून आलेली किंमत शून्य किंवा शून्यापेक्षा लहान केव्हा असते, एवढाच प्रश्न घ्या. घाईत दोन्ही बाजूंना (क्ष + २) ने गुणले जाते आणि ‘क्ष १ किंवा त्याहून लहान’ असे लिहून विद्यार्थी पुढे जातो. छेद ऋण असेल तर चिन्ह उलटते हे माहीत असूनही त्या क्षणी सुचत नाही. बरोबर उत्तर आहे ‘उणे दोनपेक्षा मोठा आणि जास्तीत जास्त एक’. याशिवाय आलेख सरकवणे, असिम्प्टोट (आलेख ज्या रेषेच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा) आणि फंक्शनचे डोमेन यांचा सराव करा. आपल्या पुस्तकांत कॅल्क्युलसच्या धड्यांत नुसते ‘लॉग’ लिहिले की पाया ई समजतात. येथे त्यासाठी ‘एलएन’ लिहितात, आणि कॅल्क्युलेटरवरील ‘लॉग’ पाया दहाचा असतो.

टेस्ट झाल्यावर खरा निर्णय कोर्सचा. एकाच विद्यापीठात पहिल्या पायरीचे अनेक कॅल्क्युलस असतात आणि नावांवरून त्यांतला फरक कळत नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर मॅथ २२० हा पाच क्रेडिटचा कोर्स कॅल्क्युलस कधीच न शिकलेल्यांसाठी असतो, तर मॅथ २२१ हा चार क्रेडिटचा कोर्स आधी थोडेफार शिकलेल्यांसाठी. पर्ड्यू विद्यापीठातही एमए १६१०० हा कोर्स पाच क्रेडिटचा आणि एमए १६५०० चार क्रेडिटचा अशी जोडी आहे. याशिवाय बिझनेस वगैरे शाखांसाठीचे सोपे कॅल्क्युलस असते, इलिनॉयचे मॅथ २३४ किंवा पर्ड्यूचे १६०१० यांसारखे. ते इंजिनिअरिंगला चालत नाही, म्हणून ‘सोपा ए मिळेल’ या सल्ल्यावर ते घेऊ नका. तुमच्या विद्यापीठात अशी जोडी असेल तर तुमच्यासाठी चार क्रेडिटचाच कोर्स योग्य आहे. त्याहून खाली, म्हणजे प्रीकॅल्क्युलसपासून, सुरुवात करण्याची सावधगिरीही महागात पडते, कारण फिजिक्स, कॅल्क्युलस थ्री आणि डिफरन्शिअल इक्वेशन्सची साखळी याच कोर्सला जोडलेली असते आणि सगळेच एक सेमिस्टर मागे सरकते.

थेट कॅल्क्युलस टू घेण्याविषयी माझे मत बहुतेकांच्या बाबतीत प्रतिकूल आहे. बारावीतले इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन्स तेथे पुन्हा भेटतात, त्यामुळे पहिले काही आठवडे फार आरामात जातात. मग सीक्वेन्स आणि सिरीज सुरू होतात. अनंत श्रेणी अभिसारी (कन्व्हर्जंट) आहे की नाही, कोणती कसोटी लावायची आणि का, टेलर सिरीज कशी मांडायची, यांतले राज्य मंडळाच्या बारावीत काहीही नसते, आणि तोवर अभ्यासाची सवय सुटलेली असते. पेपर तपासताना दुसरीही एक गोष्ट सतत दिसे. टाकीतील पाण्याचे लिटरमधील आकारमान वेळेचे फंक्शन म्हणून दिले आहे आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा डेरिव्हेटिव्ह उणे दोन आहे, तर याचा अर्थ एका वाक्यात लिहा, असा प्रश्न असे. डेरिव्हेटिव्ह चुटकीसरशी काढणारी आपली मुले येथे ‘पाणी दोन लिटरने कमी झाले’ असे लिहून गुण घालवत. त्या क्षणी पाणी मिनिटाला दोन लिटर या दराने कमी होत आहे, असे उत्तर अपेक्षित असते. हे वाचायला आणि लिहायला कॅल्क्युलस वन शिकवते.

तरीही वरचा कोर्स घ्यायचाच असेल, तर विभागाच्या संकेतस्थळावरून कॅल्क्युलस वनचा जुना फायनल पेपर मिळवा, घड्याळ लावून सोडवा आणि कारणे न लिहिलेल्या उत्तरांना स्वतःच अर्धे गुण द्या. ऐंशी टक्क्यांच्या वर असाल तर विभागाच्या परीक्षेला अवश्य बसा. मग माझे मत बाजूला ठेवायला हरकत नाही.

शेवटी व्हिसाची बाब. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट घ्यावी लागतात. तुम्ही चौदा घेतली आणि चार क्रेडिटचे कॅल्क्युलस मध्येच सोडले, तर दहाच उरतात. अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्याची किंवा सोडण्याची, मुदत सुरुवातीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतच संपते, तेव्हा पातळी चुकली असे वाटले तर त्या मुदतीतच सेक्शन बदला. मुदत उलटून गेली असेल, तर चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये नेमणूक होणे हे क्रेडिट कमी करण्याचे नियमात मान्य असलेले एक कारण आहे. मात्र किमान सहा क्रेडिट राखावी लागतात, अशा शैक्षणिक कारणांसाठीची सवलत एका पदवीच्या पातळीवर एकाच सेमिस्टरपुरती मिळते, आणि इंटरनॅशनल ऑफिसमधील डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी कोर्स सोडण्याच्या आधी हातात असावी लागते.