माणसं जमवली की जोडली?

एका निरोपसमारंभातलं वाक्य कळवून एकांनी विचारलंय: ‘सरांनी तीस वर्षांत असंख्य माणसं जमवली,’ असं वक्ता म्हणाला आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. व्याकरण बरोबर आहे, मग खटकलं काय?

खटकलं ते क्रियापद. माणसं ‘जमवली’ म्हटलं की एखादं निमित्त, जागा आणि वेळ गृहीत असते. तालमीला पोरं जमवायची, पंगतीला वाढपी जमवायचे; काम उरकलं की मंडळी पांगली. ‘सभेला हजार माणसं जमली’ आणि ‘जमवली’ यांत तर ट्रक आणि वडापावचा फरक आहे! ‘जोडलेली’ माणसं सभा नसतानाही आपली असतात.

पैशांचंही असंच. वर्गणी गोळा करतात. त्यात पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणं आलं. निधी उभारतात तो संस्थेसाठी किंवा मोठ्या कामासाठी. मुलीच्या लग्नाचे पैसे बाप वर्षानुवर्षं जमवतो, आणि हॉलवाल्याचा शेवटचा हप्ता द्यायची वेळ आली की थोडे पतपेढीतून, थोडे मेहुण्याकडून, थोडे बायकोच्या भिशीतून अशी जुळवाजुळव करतो. अर्थात ‘वर्गणी जमवली’ म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

‘जमणं’, ‘जमवणं’ यांचं मूळ अरबी. एकत्र येणं, एकत्र करणं या अर्थाच्या त्या धातूचं गोत मोठं आहे: जमा, जमाव, जमात, जमाबंदी, नमाजाला लोक एकत्र येतात तो जुम्मा. मुजुमदारही त्यातलाच. शिवाजी महाराजांच्या कारभारात जमाखर्च पाहणारा मुजुमदार 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ‘अमात्य’ झाला. आडनावात मात्र जुना शब्द टिकला.

मराठीनं या ‘जमण्या’ला आणखी कुठे कुठे नेलं ते मला जास्त आवडतं. ‘मला चकली जमत नाही’, ‘त्या दोघांचं जमलं’, ‘सासूशी जमवून घे’. इथे गर्दीचा संबंध नाही, मेळ बसण्याचा आहे. भाजणी, मोहन, तेलाचा ताव सगळं जुळून आलं की चकली जमली.

तेव्हा त्या वक्त्यानं सरांसाठी ‘जोडली’च म्हणायला हवं होतं. ‘जमवली’ आयोजकांना शोभलं असतं, हॉल भरायचं काम त्यांचंच होतं.